शिट्टीची बोट

समोरचा एक दात नसलेली माणसं जगात काही कमी नाहीत, पण त्या फटीवर घर चालवणारा माणूस त्या वस्तीने एकच पाहिला. त्याला सगळे शिट्टी म्हणायचे. त्याचं खरं नाव काय असं अचानक विचारलं असतं, तर त्याच्या बायकोलाही क्षणभर आठवावं लागलं असतं. तरुणपणी बोटीच्या नांगराची साखळी उसळून तोंडावर बसली आणि दात गेला. पण गेला तो फुकट गेला नाही. जीभ त्या फटीला लावून तो फुंकर मारायचा, तेव्हा असा काही आवाज निघायचा की धक्क्यावर झोपलेली कुत्री उठून बसायची. आणि समुद्रावर असला, तर कुरव यायचे.

कुरव म्हणजे ज्यांना सगळे सीगल म्हणतात ते. पांढरे, थोराड, पिवळ्या चोचीचे, आणि खाण्याच्या बाबतीत लाजलज्जा गुंडाळून ठेवलेले. शिट्टी पूर्वी चारचौघांसारखा मासेच धरायचा. जाळ्यात मासळी कमी आणि कचरा जास्त यायला लागला, तेव्हा त्याने जाळी विकली, बोटीत बाकं ठोकली, वर ताडपत्री ताणली आणि पर्यटकांना खाडीच्या तोंडापर्यंत फिरवायला सुरुवात केली. वस्ती हसली. नुसतं पाणी बघायला कोण येतंय, म्हणे. पण लोक आले, आणि पाणी नाही, कुरव बघायला आले. बायको मासळी बाजारात मासे साफ करायला बसायची. उरलेली आतडी, डोकी, कल्ले ती बादलीत भरून आणायची. मधल्या पाण्यात गेलं की शिट्टी इंजिन मंद करायचा, दोन बोटं ओठांना न लावता ती जगावेगळी शिट्टी घालायचा आणि मूठभर घाण वर उडवायचा. मग काय विचारता. कुरव हातातून घास ओढून न्यायचे, बायका किंचाळायच्या, मुलं वेडी व्हायची, आणि मोबाइल खाली म्हणून यायचे नाहीत. 'शिट्टीची बोट' दूरदूर माहीत झाली. त्याचं बघून वस्तीतल्या आणखी काहींनी बाकं ठोकली. चहाच्या टपऱ्या निघाल्या, खोल्या भाड्याने जायला लागल्या. हसणारे गप्प बसले.

एक गोष्ट तो प्रत्येक फेरीत सांगायचा. पूर्वी उन्हाळा लागला की कुरव निघून जायचे. कुठे जायचे देव जाणे, पण जायचे. आता ते जायचे थांबले होते. माझ्या बादलीचा लळा लागलाय त्यांना, असं तो छाती फुगवून म्हणायचा, आणि बाकांवरची माणसं टाळ्या वाजवायची.

आता बेटाचं सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथेच अडलं होतं. बेट कसलं, खाडीच्या तोंडाशी वाळूचा एक लांबट उंचवटा. भरतीला कडा बुडायच्या, मधली वाळू कोरडी राहायची. दर उन्हाळ्यात तिथे सुरय यायचे. हा कुरवांपेक्षा कितीतरी लहान पक्षी, सडपातळ, डोक्यावर काळी टोपी घातल्यासारखा, शेपटी कात्रीसारखी. उघड्या वाळूत पायांनी खळगा करायचा आणि त्यात अंडी घालायची, एवढाच त्यांचा संसार. घरटं म्हणायचीही लाज वाटावी.

पण त्या खळग्यांनी एका मोठ्या कंपनीला रोखून धरलं होतं. कंपनीला तिथे मालाची जेट्टी बांधायची होती. त्यासाठी बेट खरवडून काढायचं, खाडी खोल करायची आणि धक्क्यालगतची घरांची ओळ उठवून आत दूर इमारतीत न्यायची, असा आराखडा होता. प्रकरण न्यायालयात गेलं. निकाल असा लागला की बेटावर सुरय वीण करत असतील तर जेट्टी नाही. खरोखर करतात का, हे या उन्हाळ्यात वन खात्याचा अधिकारी येऊन डोळ्यांनी बघेल. त्याने जे लिहून दिलं ते कायमचं.

धक्क्यालगतच्या त्या ओळीत शिट्टीचं घर होतं, बापाने बांधलेलं. वस्तीची बैठक झाली तेव्हा तो उभा राहिला आणि म्हणाला, पाखरं राहतील तर घरं राहतील, आणि पाखरं राहतील याची हमी मी देतो. मग तो दारोदार फिरला. ज्यांच्या घरची चूल पर्यटकांच्या जिवावर पेटत होती त्यांना समजावणं सोपं होतं. बाकीच्यांना त्याने शब्द दिला. शब्द द्यायला त्याला कधीच जड गेलं नाही.

एक घर मात्र बधलं नाही, आणि ते भिंतीला भिंत लागून होतं. त्याच्या थोरल्या भावाचं. बापाने एकाच छपराखाली दोन घरं काढून दिली होती, मधली भिंत सामाईक, अंगण एक. दादा अजून जाळी टाकायचा आणि बहुतेक रिकामी ओढायचा. त्याचे दोन्ही मुलगे लांबच्या शहरात कुठल्याशा गोदामात खोकी उचलत होते आणि वर्षातून एकदा तोंड दाखवायचे. जेट्टी झाली तर त्यांना इथे काम मिळेल, असं कंपनीच्या माणसाने सांगितलं होतं. दादा काही राक्षस नव्हता. पाखरांची पिल्लं घरट्यात राहावीत म्हणून आमची पिल्लं परमुलखात का, एवढंच तो विचारायचा, आणि खरं सांगायचं तर या प्रश्नाला कुणाकडे धड उत्तर नव्हतं. शिट्टीकडेही नव्हतं. म्हणून तो चिडायचा.

बोलणं बंद झालं. म्हणजे भावांचं. जावांचं सुरूच होतं. साखर संपली, विळी बोथट झाली, पाव्हणे आले, भिंतीवरून हाक जायचीच. भावांना एकमेकांना काही सांगायचं असेल तर तेही त्याच वाटेने जायचं. दादा अंगणात जाळं शिवत बसलेला असायचा, शिट्टी ओट्यावर इंजिनाचा पंप उघडून बसलेला असायचा, मध्ये चार हातांचं अंतर, आणि दादा स्वतःच्या बायकोला मोठ्याने सांगायचा की तुझ्या दिराला सांग, त्याच्या बोटीचा दोर झिजलाय. तीही बिचारी शिट्टीच्या बायकोकडे वळून तेच पुन्हा सांगायची. दोघी नंतर चुलीपाशी पोट धरून हसायच्या.

उन्हाळ्याच्या तोंडाला पाखरंबाई आल्या. त्या दर वर्षी यायच्या, शाळेमागची खोली घ्यायच्या आणि तीन पायांवरची दुर्बीण लावून दिवसभर बेटाकडे बघत बसायच्या. न्यायालयात सुरयांची बाजू मांडली होती ती त्यांनीच. सगळी वस्ती त्यांना पाखरंबाई म्हणायची, तोंडावरसुद्धा, आणि त्यांना ते आवडायचं. त्यांचा चहा शिट्टीच्या ओट्यावर ठरलेला. मागे एकदा, पहिल्याच वर्षी, त्या चहा पिता पिता म्हणाल्या होत्या की कुरवांना असं खाऊ घालणं बरं नाही, ते सोकावतात. शिट्टी हसला होता. बाई, सोकावलेत म्हणून तर तुमच्या पाखरांच्या बाजूने वस्ती उभी आहे, असं म्हणाला होता. बाईंनी पुन्हा तो विषय काढला नाही.

या वर्षी सुरय आले, पण बाईंचा चेहरा काही खुलेना. शिट्टीने खोदून विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, जोड्या बसतात, अंडी घालतात आणि पुढच्या आठवड्यात खळगे रिकामे दिसतात. पिल्लू एकही नाही. कोण खातंय, असं त्याने विचारलं. बाईंनी कप खाली ठेवला, त्याच्या अंगणाच्या कडेला पालथ्या पडलेल्या बादलीकडे बघितलं आणि म्हणाल्या, निसर्गात खाणारं कोणी ना कोणी असतंच. शिट्टीला ते उत्तर उडवाउडवीचं वाटलं. त्याला वाटलं, बाईंना माहीत आहे, पण आपल्याच घरातल्या माणसाचं नाव घ्यायला त्यांची जीभ रेटत नाही.

आणि एकदा डोक्यात किडा शिरला की मग काय. दादा पहाटे जाळी टाकायला जातो. बेटाच्या कडेनेच जातो. खळगे रिकामे झाले तर फायदा कुणाचा? शिट्टीने दोन दिवस हे मनात घोळवलं, जेवण धड गेलं नाही, आणि तिसऱ्या दिवशी अंगणात सगळ्यांदेखत तोंड सोडलं. कित्येक महिन्यांत तो भावाशी पहिल्यांदा सरळ बोलला, ते हे.

"अंडी उचलतोस ना तू? पहाटे जाऊन?"

दादाच्या हातातली सुई थांबली. तो रागावेल, अंगावर येईल, असं शिट्टीला वाटत होतं. त्याची तयारीही होती. दादाने फक्त मान वर केली. त्याचा चेहरा कोणी थोबाडीत मारल्यासारखा झाला होता.

"बापाने आपल्याला त्या बेटावर पाय ठेवू दिला नाही कधी, पाखरं बसतात तेव्हा," तो म्हणाला. "माझ्या हातून ते होईल असं तुला वाटलं, धाकट्या?"

तो उठला, जाळं तसंच टाकून आत गेला आणि दार लावून घेतलं. शिट्टीच्या बायकोने नवऱ्याकडे असं बघितलं की त्याने नजर वळवली. त्या दिवशी भिंतीवरून हाक आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

अधिकारी येणार ती तारीख ठरली. त्याला बेटावर नेण्याचा मान शिट्टीचा, यात कुणालाच शंका नव्हती. आदल्या दिवशी जावेचा आवाज भिंतीवरून आला. बऱ्याच दिवसांनी आला म्हणून शिट्टीची बायको हातातलं टाकून धावली. निरोप दादाचा होता. उद्या साहेबाला न्यायला माझी बोट घ्या, असं तो म्हणत होता. तुझ्या दिराच्या बोटीमागे कुरवांचं लटांबर असतं, माझ्या बोटीला कोणी ओळखत नाही.

शिट्टी ओट्यावरूनच खदाखदा हसला, मुद्दाम, भिंतीपलीकडे ऐकू जावं म्हणून. दादाची बोट म्हणजे सुकाणूवर दादा. म्हणजे वाटेत साहेबाच्या कानात काय काय ओतणार ते वेगळं सांगायला नको. अंडी खाणाऱ्याच्या बोटीतून अंडी बघायला जायचं, वा रे न्याय. त्याने बायकोला सांगितलं, सांग, उपकार नकोत. बायको म्हणाली, अहो, एकदा विचार करा, भाऊजी उगाच नाही बोलायचे. तो म्हणाला, तुला त्यांचा एवढा पुळका असेल तर जा तिकडेच राहायला. भिंतीकडे जाऊन तिने काय सांगितलं ते त्याने ऐकलं नाही.

पण मनात काहीतरी खुटखुटलं असावं. त्याने त्या दिवशी बोट साबण लावून धुतली. बाकांखाली, फळ्यांच्या फटींत, जिथे जिथे मासळीचा वास धरतो तिथे ब्रश घातला. बादली घरी ठेवली. उद्या तोंड उघडायचंच नाही, असं ठरवलं, आणि शिट्टी नाही, खाणं नाही, तर कुरव कशाला येतात, असं स्वतःलाच पटवून दिलं.

सकाळी साहेब आला. हडकुळा, मितभाषी, डोक्यावर गोल टोपी, गळ्यात दुर्बीण. माणूस वाईट नव्हता. बोटीत चढताना हात धरावा लागला याची त्याला लाज वाटली आणि त्याने दोनदा आभार मानले. पाखरंबाई आधीच येऊन उभ्या होत्या. त्या शिट्टीला जरा बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "भाऊ, आज तुमच्या दादांची बोट नाही का मिळणार?"

हे आता अतीच झालं. सगळे मिळून आपल्याच बोटीवर उठलेत असं त्याला वाटलं. वस्ती ज्या बोटीने जगवली ती आज अचानक नकोशी झाली का? त्याच्या चेहऱ्यावर जे यायचं ते आलं असावं, कारण बाईंनी पुढे शब्द काढला नाही. निमूटपणे बोटीत चढल्या आणि नाकासमोर बघत बसल्या.

इंजिन सुरू झालं. शिट्टीचं इंजिन जुनं, त्याचा ठोका वेगळा, अर्ध्या वस्तीला तो झोपेतही ओळखू यायचा. धक्का मागे पडला. पाणी स्वच्छ होतं, वारा बेताचा, आणि दूर बेटाच्या वाळूवर पांढरे ठिपके दिसत होते. बाई सांगत होत्या की अजून काही जोड्या बसून आहेत, त्यांची अंडी फुटायला आली आहेत, एवढी पिल्लं निघाली तरी खूप झालं. साहेब मान हलवत होता. शिट्टीच्या छातीवरचं ओझं उतरलं. आहेत म्हणजे आहेत. दिसली की झालं.

पहिला कुरव कधी आला ते त्याला कळलंच नाही. ताडपत्रीवर टपकन काहीतरी बसलं एवढंच. मग दुसरा डाव्या बाजूने आला, बोटीच्या बरोबरीने तरंगत, मान वाकडी करून त्याच्याकडे बघत. मग मासळी बाजाराच्या पत्र्यांवरून, धक्क्याच्या खांबांवरून, नांगरलेल्या होड्यांवरून ते उठले. त्यांना शिट्टी लागतच नव्हती. ती पर्यटकांसाठी होती. कुरवांना इंजिनाचा ठोका पुरत होता.

साहेब वर बघून म्हणाला, बरेच आहेत. हो, असतात, असं शिट्टी म्हणाला. त्याने इंजिन बंद करून टाकलं, बोट वाहू दिली, पण कुरव कुठे जातात? बोट थांबली म्हणजे बादली निघते, हे तर त्यानेच त्यांना शिकवलं होतं. ते जास्तच खाली आले. तो हात हलवून हुसकावू लागला, आणि हात हलला की ते तर आनंदाने ओरडायचे. बाईंनी साहेबाला विनवलं की इथूनच दुर्बिणीने बघा, उतरू नका. साहेब म्हणाला, हलत्या बोटीतून घरटी कशी बघणार मी? तेही खरंच होतं. चोख काम करणारा माणूस होता तो. वाहत वाहत बोटीचं नाक वाळूला लागलं, आणि साहेब पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उतरला.

सुरय उठले. माणूस जवळ आला की ते उठतातच. अंड्यांवरून उडून कर्कश ओरडत ते माणसाच्या डोक्यावर घिरट्या घालतात, टोचायला येतात, हाकलू बघतात. माणूस लांब गेला की पुन्हा बसतात. दर वर्षी एवढंच व्हायचं. एवढुसे पक्षी, पण बापाच्या वेळेपासून शिट्टी त्यांना मानत आला होता, त्यांच्या त्या जिगरीला.

पण ते उठले आणि खळगे उघडे पडले. आणि वर कुरव होते, उपाशी, घास कधी पडतोय याची वाट बघत.

पहिला उतरला तो साहेबापासून चार पावलांवर. त्याने मान वाकवली, चोच उघडली आणि अंडं उचललं. दोनदा मान झटकून गिळलं. मग सगळेच उतरले. सुरय त्यांच्यावर तुटून पडत होते, पण कुरवांना त्याचं काय? फुटलेल्या अंड्यातून एक पिल्लू अर्धं बाहेर आलेलं होतं, ओलं, डोळे मिटलेलं. दोन कुरवांनी ते दोन्हीकडून धरलं.

शिट्टी पाण्यात उडी टाकून धावला. सदरा काढून गरगर फिरवू लागला, ओरडू लागला. कुरव उठायचे आणि पलीकडे बसायचे. तो तिकडे धावला की इकडे बसायचे. त्याच्या पायाखाली काहीतरी मोडलं. त्याने पाय उचलून बघितलं आणि मग जिथे होता तिथेच थांबला, कारण आता पाय टाकायची सोयच नव्हती.

काय करावं ते माणसाला सुचत नाही तेव्हा हात सवयीचं काम करतात. शिट्टीची जीभ दाताच्या फटीला लागली. त्यांना इथून उठवायचं, बोटीकडे न्यायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. त्याने सगळा जीव गोळा करून शिट्टी घातली.

आणि कुरवांनी ऐकलं. एकूणएक कुरव वाळूवरून उठला आणि त्याच्या डोक्यावर येऊन तरंगू लागला. काही तर अगदी हाताशी आले. एक त्याच्या खांद्यावर टेकला, रोजच्यासारखा, फोटोसाठी टेकायचा तसा. त्याच्या चोचीला अंड्याचा बलक लागला होता. शिट्टी दोन्ही हात वर करून उभा होता आणि दोन्ही हात रिकामे होते. कुरव थांबले, वाट बघितली. मग एकेक करून पुन्हा खाली उतरले आणि अर्धवट राहिलेलं काम पुरं करू लागले.

साहेब पाण्याच्या कडेला उभा होता. त्याने टोपी काढून हातात धरली होती.

"तुम्हाला ओळखतात वाटतं," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

परतताना कोणी कोणाकडे बघत नव्हतं. सुरय बराच वेळ बेटावर घिरट्या घालत राहिले. मग उंच गेले आणि समुद्राकडे निघून गेले. साहेब तोंड फिरवून पाण्याकडे बघत होता. पाखरंबाई शिट्टीच्या शेजारी सुकाणूपाशी येऊन बसल्या, आणि इंजिनाच्या आवाजात साहेबाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू बोलल्या.

"मला माहीत होतं. मागच्या वर्षीपासून माहीत होतं." त्यांनी मागे बेटाकडे वळून बघितलं. "पण तुमची बोट बंद पडली असती तर वस्ती जेट्टीकडे गेली असती. मला वाटलं, एवढा एक उन्हाळा निघेल."

शिट्टीला त्यांच्यावर ओरडायचं होतं. निघालं ते भलतंच. अंगणात भावाला काय बोललो ते त्याने त्यांना सांगितलं. बाईंनी डोळे मिटून घेतले.

धक्क्यावर अर्धी वस्ती उभी होती. तोंडं बघूनच सगळ्यांना कळलं, विचारायची कुणाला गरज पडली नाही. दादा मागे, आपल्या होडीला टेकून उभा होता. शिट्टीला वाटलं, आता हसेल. दादा पुढे आला, त्याने दोर झेलला आणि खुंट्याला बांधला. दोर झिजलेला होता, म्हणून दुहेरी वेढा घातला. मग घरी गेला.

साहेबाने जे बघितलं ते लिहिलं. वीण होत नाही, जागा पाखरांनी सोडली आहे, असं. खोटं काही नव्हतं त्यात. पुढच्या उन्हाळ्यात सुरय आले नाहीत, म्हणजे बाईंनी वाट बघितली, पण नाहीच आले. त्यानंतर त्याही पुन्हा आल्या नाहीत. बेट खरवडायला यंत्रांची बोट आली आणि खाडीचं पाणी गढूळ झालं, ते गढूळच राहिलं. गढूळ पाण्यात फिरायला कोण येतंय? बाकं ठोकलेल्या बोटी धक्क्याला नुसत्या डुलत राहिल्या, टपऱ्या एकेक करून मिटल्या. ज्यांना शिट्टीने शब्द दिला होता ते वाटेत भेटले की बाजूने जायचे. कोणी शिवी दिली नाही. शिवी द्यायलाही आपलेपणा लागतो. दादाच्या धाकट्या मुलाला जेट्टीवर काम मिळालं, फाटकावरच्या पहारेकऱ्याचं. थोरला म्हणाला, मी इकडे बरा आहे.

घरं रिकामी करायची पाळी आली तेव्हा पत्रे, वासे, दारं ज्याची त्याने न्यावीत अशी मुभा होती. आता गंमत बघा, बापाने छप्पर एकच घातलेलं. मधल्या भिंतीवर दोन्हीकडचे वासे टेकलेले. एका भावाने आपले काढायचे म्हटलं तर दुसऱ्याने आपले धरायलाच हवेत, नाहीतर सगळं डोक्यावर. तेव्हा सकाळी दोघेही शिड्या लावून चढले, एक या बाजूने, एक त्या बाजूने, आणि भिंतीच्या माथ्यावर समोरासमोर आले. खाली जावा भांडी पोत्यांत भरत होत्या. त्यांच्यात आज हसणं नव्हतं.

दादाने पहिल्या पत्र्याचा खिळा उपसला. शिट्टीच्या हातात पक्कड तशीच राहिली. कितीतरी दिवस तो हे वाक्य तोंडात घोळवत होता, गिळत होता.

"दादा, अंडी मी खाल्ली," तो म्हणाला. "सगळी. मी त्यांना बोलावलं, मी त्यांना सोकावलं, आणि नाव तुझं घेतलं."

दादाने खिळा खिशात टाकला. तो किती म्हातारा झाला होता ते एवढ्या जवळून बघितल्यावर शिट्टीला दिसलं.

"बोट देतो म्हणालो होतो," तो म्हणाला.

"हो."

"जेट्टी मला हवीच होती. खोटं कशाला बोलू. पण असं नको होतं." त्याने पुढचा वासा चाचपला. "धर तिकडून. घट्ट धर."

शिट्टीने धरला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि दोन्ही हात गुंतलेले होते, त्यामुळे पुसता येईना. दादा बघत होता, आणि बघत नसल्यासारखं करत होता. असे एकेक करून त्यांनी वासे उतरवले. दुपारपर्यंत बापाच्या घराच्या नुसत्या भिंती उरल्या.

उतरवलेले पत्रे अंगणात रचून ठेवले होते. त्यांच्यावर कुरव येऊन बसले, आधी एक, मग रांगच. ते शिट्टीकडे बघत होते. बादलीची वेळ झाली होती.